चेक लाइट लागली, आयडल हलतंय: जुन्या कॉमन रेल ट्रकचं निदान कोणत्या क्रमाने करावं

नागपुरात वाडीपासून कापसीपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या रांगेत हा प्रकार दिसतो. ट्रकची चेक लाइट लागलेली, स्लोला, म्हणजे आयडलला, रेस (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर-खाली होतेय. स्कॅनर लावला, कोड आला, त्या नावाचा सेन्सर मागवला, बसवला, कोड पुसला. गाडी बुटीबोरीला पोहोचेपर्यंत लाइट पुन्हा हजर. मग ‘सेन्सर डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुसरा मागवतात.

सेन्सर बहुतेक वेळा चांगलाच असतो. कोड सांगतो ते सर्किटचं नाव. त्या सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (तारांची जोडणी), तार, अर्थिंग आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळे येतात. शिवाय कोड दाबाचा किंवा तापमानाचा असेल, तर ज्याचं माप घेतलं जातं ते डिझेल, हवा किंवा कूलंट खरोखरच बिघडलेलं असू शकतं. म्हणून सेन्सर बदलणं हे शेवटून दुसरं काम आहे.

हा लेख एप्रिल २०२० पूर्वीच्या बीएस-३ आणि बीएस-४ कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) डिझेल ट्रक आणि पिकअपसाठी आहे, १२ व्होल्ट आणि २४ व्होल्ट दोन्ही. इनलाइन पंपाच्या त्याहून जुन्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही, आणि त्या गाड्यांवर शिकलेल्या दोन-तीन सवयी इथे जिवावर बेतू शकतात. त्या जागोजागी सांगितल्या आहेत.

## टप्पा १: तयारी

गाडी रात्रभर उभी असलेली हवी. पहिलं रीडिंग सकाळी, सेल्फ मारण्याआधी घ्यायचं आहे. मालक गाडी चालवत घेऊन आला आणि लगेच तपासणी सुरू केली, तर तापमानाच्या सेन्सरची सगळ्यात सोपी परीक्षा हातची जाते.

लागणाऱ्या वस्तू:

- डिजिटल मल्टिमीटर. बल्बवाला टेस्ट लॅम्प सेन्सरच्या तारेला लावू नका. तो ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या ५ व्होल्ट लाइनला झेपत नाही.
- त्या कंपनीच्या इंजिनचा लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर. नुसते कोड दाखवणारा अर्धाच उपयोगाचा.
- डिझेलला टिकणारा पारदर्शक होसपाइप, अंदाजे एक फूट, आणि नव्या क्लिपा.
- इन्फ्रारेड थर्मामीटर.
- कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे. कपलर पेट्रोलने धुऊ नका, रबरी सील फुगतात.
- त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. हा नसेल तर टप्पा ७ अंदाजाने करावा लागेल, आणि अंदाजाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.
- वही आणि पेन.

सावध: बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर १२ व्होल्टच्या कारसाठी बनवलेले असतात. ते २४ व्होल्टच्या ट्रकला लावू नका. २४ व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिनांच्या दोन ओळींमधली खाच सलग नसते, मध्येच तुटलेली असते. त्यामुळे १२ व्होल्टचा प्लग त्यात बसतच नाही. बसत नसेल तर घासून बसवू नका.

स्कॅनर चालूच होत नसेल, तर आधी सॉकेटच्या पिन १६ वर बॅटरीचा व्होल्ट आणि पिन ४ व ५ वर अर्थ आहे का बघा. नसेल तर फ्यूज तपासा. चालू होतो पण ईसीएमशी बोलत नाही, असं असेल तर बॅटरी कट करून कॅनच्या, म्हणजे ईसीएम आणि स्कॅनर ज्यांवरून बोलतात त्या, दोन तारांमध्ये ओहम मोजा. अनेक गाड्यांत या तारा पिन ६ आणि १४ वर असतात. ६० ओहमच्या आसपास हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार तुटलेली, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या.

## टप्पा २: बॅटरी, अर्थिंग, डायनमो

हा टप्पा सगळे गाळतात, आणि विचित्र कोडांचा सगळ्यात मोठा कारखाना हाच आहे. व्होल्ट पडले की ईसीएमला एकाच वेळी चार-पाच सेन्सर खराब वाटू लागतात.

१. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२.० असेल, तर बेरीज बरी दिसते पण सेल्फ मारताना दुसरी बसते.

२. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या गाडीत ९.६ च्या खाली, २४ च्या गाडीत १९ च्या खाली जाऊ नये.

३. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, किंवा २७.६ ते २८.८.

४. अर्थिंग ओहममध्ये मोजू नका, काही कळत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवा.

५. तसंच ईसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत इंजिन चालू असताना मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं.

सावध: डायनमो चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढण्याची जुनी सवय इथे पूर्ण बंद. व्होल्ट एकदम उसळतो आणि ईसीएम जातो. डाल्याला किंवा चासीला वेल्डिंग करतानाही आधी बॅटरी आणि ईसीएमचे कपलर सोडा. ‘परवा डाला वेल्ड केला, तेव्हापासून लाइट लागते’ असं ड्रायव्हरने सांगितलं तर ती गोष्ट वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

## टप्पा ३: कोड वाचा, लिहा, पुसू नका

कोडसोबत ईसीएम फ्रीझ फ्रेम साठवतो, म्हणजे बिघाडाच्या क्षणी रेस किती होती, लोड किती, तापमान किती, वेग किती. कोड पुसला की हीही जाते. म्हणून आधी सगळं वहीत उतरवा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. कोड ॲक्टिव्ह आहे की जुना, आणि किती वेळा आला, हेसुद्धा.

पिकअप आणि छोट्या ट्रकमध्ये पी-कोड येतात. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा एसपीएन आणि एफएमआय अशी जोडी येते. एसपीएन सांगतो कुठे, एफएमआय सांगतो काय झालं. सगळे एसपीएन वाचतात आणि एफएमआय सोडून देतात, तर निदानाचा अर्धा भाग त्यातच असतो:

- एफएमआय ०: मोजलेली गोष्ट खरोखर प्रमाणाबाहेर जास्त
- एफएमआय १: खरोखर प्रमाणाबाहेर कमी
- एफएमआय २: रीडिंग उड्या मारतंय किंवा पटत नाही
- एफएमआय ३: व्होल्ट जास्त
- एफएमआय ४: व्होल्ट कमी
- एफएमआय ५: करंट कमी, बहुधा तुटलेलं सर्किट
- एफएमआय ६: करंट जास्त, बहुधा अर्थला चिकटलेलं
- एफएमआय ७: यांत्रिक भाग सांगितल्याप्रमाणे हलत नाही

उदाहरण घ्या. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. ११०/३ आला तर तार तुटली, कपलर सुटला किंवा सेन्सर आतून ओपन झाला. स्कॅनरवर तापमान उणे ४० दिसेल. ११०/० आला तर सेन्सर बरोबर सांगतोय, इंजिन खरंच तापलं. तिथे सेन्सर बदलणाऱ्याला रेडिएटर दिसलेलाच नसतो. कळमन्याला धान्य-मिरची आणि उमरेडकडून कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर आणि इंटरकूलर भुसा-धुळीने इतके भरलेले असतात की मागून टॉर्च मारला तर उजेड पुढे येत नाही.

आयडलशी संबंध असलेले नेहमीचे कोड: रेल प्रेशर कमी (पी००८७ किंवा एसपीएन १५७/१), इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर (पी०३३५), कॅम सेन्सर (पी०३४०), मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर (पी०१०५ ते पी०१०८, एसपीएन १०२), पेडल (एसपीएन ९१), धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर वॉल्व्ह (पी०४०१), सिस्टीमचा व्होल्ट (पी०५६२, एसपीएन १६८).

तपासा: एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड ॲक्टिव्ह आहेत का? असतील तर एकही सेन्सर मागवू नका. त्यांची ५ व्होल्ट लाइन किंवा अर्थ सामाईक असते. टप्पा ७ मध्ये ती सापडेल.

## टप्पा ४: आयडल नेमकं कसं बिघडलंय

‘मिसिंग आहे’ एवढ्यावर काम सुरू करू नका. स्कॅनरवर रेसचा आकडा बघत दोन मिनिटं ऐका. मोठ्या इंजिनचं आयडल साधारण ६०० ते ७००, छोट्याचं ७५० ते ८५०. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

रेस लाटेसारखी वर-खाली होते. डिझेलमध्ये हवा, चोक झालेला फिल्टर, रेल प्रेशर नियंत्रित करणारा वॉल्व्ह, उघडा अडकलेला ईजीआर.

एका ठरावीक लयीत झटका बसतो. एकच सिलिंडर कमी काम करतोय. इंजेक्टर, त्याची तार किंवा कॉम्प्रेशन. सेन्सरचा संबंध क्वचित.

रेस १,००० च्या वर अडकली आणि पेडल दाबून फरक नाही. पेडल सेन्सरवर विश्वास उरला नाही, म्हणून ईसीएमने ठरावीक रेस धरली. ब्रेक स्विच आणि पेडल यांचं पटत नसेल तरी गाडीचा जोर कापला जातो. ब्रेक लाइट कायम लागलेली आहे का, मागे जाऊन बघा.

फक्त सकाळी खराब, मग ठीक. छोट्या इंजिनात हीटर प्लग, मोठ्यात रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरणं. नागपुरात जानेवारीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा या तक्रारी येतात आणि फेब्रुवारीत आपोआप ‘बऱ्या’ होतात. बिघाड मात्र तसाच असतो.

तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने चालू होते. मे महिन्याची खास तक्रार. क्रँक सेन्सर, किंवा इंजेक्टरचं रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) जास्त असणं.

रेस स्थिर, पण केबिन थरथरते. इंजिन माउंटिंग बघा. स्कॅनर बाजूला ठेवा.

मोबाइलवर बघून थ्रॉटल बॉडी आणि आयडल वॉल्व्ह साफ करायला निघालेलेही असतात. ती पेट्रोल इंजिनाची गोष्ट. डिझेलमध्ये आयडल ईसीएम इंजेक्टरमधल्या डिझेलच्या मात्रेनेच सांभाळतो. काही बीएस-४ गाड्यांत हवेच्या वाटेत फ्लॅप असतो, पण तो आयडल ठरवण्यासाठी नाही.

## टप्पा ५: डिझेल आणि हवेची वाट

स्कॅनर आता बाजूला. आधी डोळे आणि हात.

१. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं.

२. फिल्टर किती किलोमीटर जुना हे वहीत बघा. ‘मागच्या महिन्यात बदलला’ हे उत्तर धरू नका.

३. टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि आयडल सुधारलं, तर झाकणाचा श्वास बंद झालाय. एवढ्यावर काम संपलेल्या गाड्या असतात.

४. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये, म्हणजे फक्त कमी दाबाच्या बाजूला, पारदर्शक होस जोडा. हँड प्राइमरने हवा काढून इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे जाऊ द्या. तीन मिनिटांनंतरही येत असतील तर टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी हवा शिरतेय.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेरून ओली दिसत नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच लीक नाही’ हा पुरावा होत नाही. टाकीच्या बाजूने एकेक होस, जुबिली क्लिप, बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर आणि प्राइमरचं सील तपासत या. उन्हाने तडकलेली होस वाकवून बघितली की भेगा उघडतात.

५. नवा फिल्टर बसवताना त्यात डब्याने डिझेल ओतून भरण्याची सवय सोडा. ते न गाळलेलं डिझेल थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. कोरडा बसवा आणि प्राइमरने भरा.

६. एअर फिल्टर. कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांची राख वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर कॅलेंडर बघून बदलून चालत नाही. झटकायचाच असेल तर आतून बाहेर, दाब २ बारच्या आत. टायरच्या पूर्ण दाबाने मारलेली हवा कागद फाडते. ती फट दिसत नाही, पण धूळ टर्बोपर्यंत जाते.

७. टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड होस दाबून बघा. तेलाचा ताजा ओघळ आणि धुळीचा काळा डाग एकाच जागी असेल तर हवा तिथून सुटते.

८. हार्नेस जिथे चासीला, गरम पाइपला किंवा ब्रॅकेटच्या धारेला टेकतो तिथे टेप उघडून बघा. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बहुधा इंजिनच्या वरच्या, उबदार भागात सापडतात. सेन्सरच्या कपलरमध्ये डिझेल किंवा इंजिन ऑइल भरलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, तेही बघा.

सावध: इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेलाय ते शोधणं ही इनलाइन पंपाची पद्धत. कॉमन रेलमध्ये आयडललाच शेकडो बार दाब असतो. ती धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगा. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, किमान दहा मिनिटं, थांबल्याशिवाय जास्त दाबाचा पाइप सोडू नका.

## टप्पा ६: लाइव्ह डेटा, आधी थंड गाडीवर

आता पुन्हा स्कॅनर. खालची थंड रीडिंग पहिल्याच सकाळी सेल्फ मारण्याआधी वहीत उतरवलेली हवीत, नसतील तर गाडी पुन्हा रात्रभर उभी ठेवा. चाबी ऑन, इंजिन बंद.

तापमान. कूलंट, इनटेक हवा आणि डिझेल तिन्ही रात्रभर एकाच हवेत थंड झालेत, म्हणून तिन्ही आकडे एकमेकांच्या ५ अंशांत हवेत. मे महिन्याच्या सकाळी तिन्ही ३० च्या आसपास, जानेवारीत १२–१५. दोन जुळतात आणि तिसरा २० ने वेगळा दिसतो, तर संशयित सापडला. उणे ४० म्हणजे ओपन सर्किट, १४० च्या पलीकडे म्हणजे शॉर्ट.

मॅप सेन्सर. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे ९६ ते ९९ किलोपास्कल दिसायला हवेत. पुस्तकातला १०१ हा समुद्रकिनाऱ्याचा आकडा. तो दिसत नाही म्हणून सेन्सर बदलू नका. ८५ किंवा ११० दिसला तर मात्र सेन्सर चुकतोय, किंवा त्याचं तोंड काजळीने बंद झालंय. काढून क्लीनरने धुवा, सुई घालू नका.

रेल प्रेशर. रात्रभर उभ्या गाडीत शून्याजवळ, सेन्सरच्या सिग्नल तारेवर ०.५ व्होल्टच्या आसपास.

पेडल. हळूहळू पूर्ण दाबा, हळूहळू सोडा. टक्केवारी शून्यापासून वर सलग चढायला हवी, मध्ये उडी नको. बहुतेक पेडलमध्ये दोन ट्रॅक असतात आणि एकाचा व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असतो. हे गुणोत्तर मध्येच बिघडलं तर पेडल असेंब्ली गेली.

आता सेल्फ मारा. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर रेस शून्यच दिसते का? तर क्रँक सेन्सरचं सर्किट. रेस दिसते पण रेल प्रेशर चढत नाही? तर डिझेल. अनेक सिस्टीममध्ये १५० ते २०० बार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. गाडी चालू न होण्याच्या तक्रारीत हे दोन आकडे बघणारा मिस्त्री बाकीच्यांच्या दोन तास पुढे असतो.

इंजिन चालू झाल्यावर आयडलला रेल प्रेशर बहुधा २५० ते ४०० बारमध्ये असतं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ईसीएमने मागितलेला आणि मिळालेला दाब एकमेकांजवळ राहतात का. मिळालेला दाब मागितलेल्याच्या भोवती डोलत असेल आणि रेसही त्याच तालात डोलत असेल, तर टप्पा ५ पुन्हा एकदा नीट करा. तिथे काही सापडलं नाही तरच पंपावरचा मीटरिंग वॉल्व्ह.

इंजिन पूर्ण तापू द्या. कूलंट ६०–६५ वरच थांबलं? थर्मोस्टॅट काढून टाकलाय का विचारा. ‘उन्हाळ्यात गाडी तापू नये’ म्हणून तो काढून फेकणं आपल्याकडे सर्रास चालतं. मग ईसीएमला इंजिन कायम थंडच वाटतं, तो आयडल वाढवतो, डिझेल जास्त देतो, आणि कोड येतो कूलंट सेन्सरचा. उपाय थर्मोस्टॅट परत बसवणं आणि रेडिएटर धुणं.

ईजीआर असलेल्या गाडीत स्कॅनरवरून वॉल्व्ह पूर्ण बंद करून बघा. आयडल सुधारलं आणि काळा धूर गेला, तर वॉल्व्ह काजळीने उघडा अडकतोय. काढून साफ करा. पत्रा लावून कायमचा बंद करणं हा उपाय नाही. दुसरा कोड येतो आणि पीयूसीचाही प्रश्न उभा राहतो.

## टप्पा ७: सर्किट मोजा, सेन्सर नंतर

संशय आलेल्या सेन्सरचा कपलर चाबी बंद करून काढा, मग चाबी ऑन करून हार्नेसच्या बाजूला मोजा.

१. ५ व्होल्टची तार: ४.८ ते ५.२. नसेल तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर तोच आतून शॉर्ट आहे आणि बाकी सगळे बिचारे निर्दोष. सगळे काढूनही आले नाहीत तर तार किंवा ईसीएम.

२. अर्थची तार ते बॅटरी निगेटिव्ह: ०.०५ व्होल्टच्या आत.

३. सिग्नलची तार: बॅटरी कट करून ईसीएमच्या कपलरपर्यंत १ ओहमच्या आत, आणि चासीशी काहीच संबंध नको. मोजताना हार्नेस हलवत राहा. आकडा उडाला तिथे तार आतून तुटलेली.

तापमानाचा सेन्सर ओहममध्ये मोजता येतो. नेहमीच्या बॉश पद्धतीच्या सेन्सरमध्ये २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ४० ला १,१५० च्या आसपास, ८० ला ३२० च्या आसपास. गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत बुडवून दोन-तीन बिंदू जुळवा.

क्रँक सेन्सर दोन तारांचा असेल तर तो कॉइल असतो, त्याचे ओहम मोजा. अनेकांत ८०० ते ९०० च्या आसपास येतात. तीन तारा असतील तर बहुधा हॉल सेन्सर. त्याला ओहमवर मोजू नका, त्यातून काही कळत नाही आणि तो खराबही होऊ शकतो. दोन्ही प्रकारांत सेन्सर काढून टोक बघा. लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून घ्या आणि तो आला कुठून याचाही विचार करा.

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीसाठी: बंद पडताच सेल्फ मारून स्कॅनरवर रेस बघा. शून्य असेल तर क्रँक सेन्सरवर ओलं गार फडकं पाच मिनिटं धरा. चालू झाली तर सेन्सर तापल्यावर आतून ओपन होतोय. थंड झाल्यावर गॅरेजात मोजलेले ओहम या बिघाडात बरोबरच येतात, म्हणून ‘सेन्सर चांगला आहे’ असा निकाल लागतो आणि गाडी परत मानेवाड्याच्या चौकात उभी राहते.

सावध: तार टोचून मोजण्याची वेळ आलीच तर ते छिद्र लगेच सील करा. उघडं राहिलं तर पहिल्या पावसात तांबं हिरवं पडायला सुरुवात होते आणि दिवाळीत नवा बिघाड उभा राहतो. आणि इंजिन चालू असताना इंजेक्टरचे कपलर हाताने काढू नका, तिथे ५० व्होल्टहून जास्त असतात.

## टप्पा ८: एकच सिलिंडर संशयित असेल तर

स्कॅनरमधून एकेक इंजेक्टर बंद करण्याची सोय असते. चांगला बंद केला की रेस पडते, मेलेला बंद केला तर फरक पडत नाही. सोय नसेल तर थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. जो मागे राहतो तो सिलिंडर.

मग रिटर्न मोजा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी आणि सारखी बाटली लावून एक-दोन मिनिटं आयडलला चालवा. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट-तिप्पट आलं, तर तो इंजेक्टर दाब धरत नाही. कमी रेल प्रेशरचा कोडही त्याच्यामुळेच असू शकतो. सगळं सारखं आलं आणि एक सिलिंडर तरी मेलेलाच, तर टॅपेटचं सेटिंग आणि कॉम्प्रेशन बघा.

## टप्पा ९: भाग बदला, कोड पुसा, चालवून बघा

एका वेळी एकच भाग. दोन बदलले की कोणामुळे बरं झालं ते कळत नाही.

बदलल्यावर कोड पुसा आणि आधीच्या फ्रीझ फ्रेममध्ये होती तशी परिस्थिती तयार करा. बिघाड ४० च्या वेगाला लोडवर आला असेल तर गॅरेजच्या दारात रिकामी गाडी रेस करून काही सिद्ध होत नाही. माल भरून आउटर रिंग रोडला ३० किलोमीटर फिरवा, स्कॅनर लावलेला ठेवा. मग गाडी बंद करून वीस मिनिटं तापलेली उभी ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. दुसऱ्या सकाळी थंड सेल्फ. या तिन्ही वेळी कोड आला नाही तर गाडी मालकाच्या ताब्यात द्या.

इंजेक्टर नोझल-पंपवाल्याकडे पाठवायचे असतील तर कोणता कोणत्या सिलिंडरचा हे खडूने नाही, टॅग बांधून लिहा. बेंचवरचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घ्या. इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड ज्या सिस्टीमला लागतो तिथे तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो. इंजेक्टर नवा, पण कोड जुन्याचा, अशी गाडी आयडलला तशीच हलते आणि दोष नव्या इंजेक्टरला जातो. पंप उघडल्यावर त्यात धातूचा चमकणारा कीस दिसला तर नुसता पंप बदलून बसवू नका. टाकी, पाइप, रेल आणि फिल्टर हाउसिंग सगळं धुतल्याशिवाय सेल्फ मारला की तोच कीस नव्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो.